निकालानंतरची रात्र : हरलेल्या मतदाराच्या मनात नेमके काय होते?

निवडणुकीत उमेदवार हरतो, पक्ष हरतो, मतदार कधी हरत नाही, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचायला बरे वाटते. निकालाच्या दिवशी दुपारनंतर आपल्या वस्त्यांमध्ये फिरले की वेगळेच दिसते. जो स्वतः उमेदवार नव्हता, ज्याला पक्षाने कधी साधे पदही दिले नाही, असा माणूस टीव्ही बंद करून भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. पोरे गुपचूप व्हॉट्सॲपचा स्टेटस काढून टाकतात. मुख्य रस्त्यावर दुसऱ्यांचा गुलाल आणि डीजे चालू असतो आणि आतल्या गल्लीत कुणी कुणाशी धड बोलत नाही.

२०२४ साली महाराष्ट्राने हा दिवस दोनदा पाहिला. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा. जूनमध्ये संविधानाच्या काळजीने ज्यांनी महाविकास आघाडीला मत दिले होते ते आनंदात होते. त्याच घरात वंचित बहुजन आघाडीला मत देणारा भाऊ खचलेला होता, कारण वंचितचा एकही उमेदवार निवडून आला नाही आणि अकोल्यात खुद्द बाळासाहेब आंबेडकर तिसऱ्या क्रमांकावर गेले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ जागांपैकी २३० हून अधिक जागा महायुतीला गेल्या, महाविकास आघाडीला पन्नासचा आकडाही गाठता आला नाही आणि वंचित पुन्हा शून्यावर राहिली. जूनमध्ये एकमेकांना टोमणे मारणारे दोघे भाऊ नोव्हेंबरमध्ये एकाच ओट्यावर येऊन बसले. महायुतीला मत देणारेही आपल्यात आहेत, रिपब्लिकन पक्षाचा आठवले गट त्यांच्यासोबतच होता. पण वस्तीत त्यांनाही उघडपणे पेढे वाटताना आम्ही फारसे पाहिले नाही. ही गोष्टही विचार करण्यासारखी आहे.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करणारी माणसे. अभ्यासिका, बचत गट, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोलीस ठाण्याच्या चकरा, हे आमचे रोजचे काम. निकालानंतरचे पंधरा दिवस हे काम जवळजवळ ठप्प होते. अभ्यासिकेत बसणारा मुलगा येत नाही, बैठकीला बोलावले तर 'काय करायचंय आता' असे उत्तर येते. म्हणून या दुःखाकडे एक सामाजिक गोष्ट म्हणून बघावे असे आम्हाला वाटले. कुणाला मत द्यायला हवे होते, हा या लेखाचा विषय नाही.

हे दुःख इतके खोल का जाते?

मताधिकार आपल्या घरात सरकारने दिलेला एक हक्क एवढाच राहिलेला नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत असावे ही मागणी केली. त्या काळी मत मिळण्यासाठी शेतसारा भरावा लागे, मालमत्ता असावी लागे किंवा शिक्षण असावे लागे, आणि यातले काहीच आपल्या पणजोबांकडे नव्हते. त्यामुळे आपली आजी मतदानाच्या दिवशी सकाळी सातला पांढरी साडी नेसून रांगेत पहिली उभी राहते, तेव्हा ती फक्त आमदार निवडायला गेलेली नसते. बोटावरची शाई तिच्यासाठी माणूसपणाची खूण असते.

ही आपली ताकद आहे. पण मत म्हणजे स्वाभिमान असे एकदा मनात बसले की त्या मताचा पराभव हा स्वाभिमानाचा पराभव वाटू लागतो. दुसरा एखादा मतदार सोयाबीनच्या भावासाठी मत देतो आणि हरला तर सरकारला चार शिव्या देऊन शेतावर जातो. आपल्याला मात्र अपमान झाल्यासारखे वाटते, जणू गावाने पुन्हा एकदा आपल्याला वेशीबाहेर उभे केले.

त्यात भीतीही असते आणि ती खोटी नसते. सत्तेत कोण आहे यावर पोलीस ठाण्यात आपली तक्रार कशी लिहून घेतली जाते, वसतिगृहाचा निधी वेळेवर येतो का, गायरानावरचे अतिक्रमण कुणाचे काढले जाते, हे बरेच अवलंबून असते. 'राजकारण सोडून द्या, एवढे मनाला काय लावून घेता' असा सल्ला देणाऱ्यांना बहुधा तहसीलच्या दारात तासन्‌तास उभे राहावे लागलेले नसते.

आणखी एक कारण आपल्या मोबाइलमध्ये आहे. प्रचाराच्या महिनाभरात आपण ज्या ग्रुपवर असतो तिथे सगळे आपल्याच मताचे असतात. सभेची गर्दी ड्रोनने टिपलेली असते. 'यंदा नक्की' हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा वाचलेले असते. सभेला येणारी माणसे आणि बूथवर पडणारी मते यांचे गणित वेगळे असते, हे जुन्या रिपब्लिकन कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. आजच्या तरुणाला ते मतमोजणीच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत कळते, तेही एकट्याने, हातातल्या पडद्याकडे बघताना.

या भावनांवर जगात अभ्यास झालेले आहेत. अमेरिकेतल्या २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तिथल्या संशोधकांनी लोक स्वतःला किती सुखी समजतात याची निकालाच्या आधीची आणि नंतरची उत्तरे तपासली. ज्यांचा पक्ष हरला त्यांचे सुख एकदम घसरले होते. ज्यांचा जिंकला त्यांच्या सुखात मात्र फारशी भर पडली नव्हती. म्हणजे हरण्याचे दुःख जिंकण्याच्या आनंदापेक्षा कितीतरी मोठे होते. मात्र ते टिकले साधारण आठवडाभरच. टेक्सास राज्यात १९९४ साली गव्हर्नरपदाच्या निवडणुकीच्या वेळी झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मतदारांना आधीच विचारले होते की, तुमचा उमेदवार हरला तर महिनाभरानंतर तुम्हाला कसे वाटेल. लोकांनी जेवढे दुःख होईल असे सांगितले, प्रत्यक्षात महिन्याने तेवढे राहिलेले नव्हते. माणूस आपल्या मनाची सावरण्याची शक्ती कमी धरतो, असा त्याचा अर्थ.

हे निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिथल्या मतदाराला निकालानंतर पाणवठ्यावर कुणी अडवत नाही. शिवाय तो दर दोन निवडणुकांत एकदा तरी जिंकतो. आपल्याकडे ४० वर्षे मतदान करूनही आपला माणूस निवडून आलेला न पाहिलेले लोक आहेत. लोकशाही टिकते ती हरणाऱ्यांच्या संमतीवर, असा मुद्दा पाश्चात्य राज्यशास्त्रज्ञांनी 'लूझर्स कन्सेंट' या २००५ च्या ग्रंथात मांडला आहे. आज हरलो तरी उद्या संधी आहे असे वाटते, म्हणून हरणारा निकाल मानतो. जो सतत हरतो त्याची ही संमती हळूहळू झिजते. आपल्या वस्तीत 'मतदान करून काय फायदा' हे वाक्य ऐकू येते, तेव्हा ही झीजच बोलत असते. असे बोलणाऱ्याला आळशी म्हणून कार्यकर्त्यांनी मोकळे होऊ नये.

जेवण सोडून पडलेला राजा

पराभवाने अंथरूण धरणारा माणूस आपल्या परंपरेला नवा नाही. कोसलचा राजा पसेनदी आणि मगधाचा राजा अजातशत्रू यांच्यात काशीच्या प्रदेशावरून लढाया झाल्या. अजातशत्रू नात्याने पसेनदीचा भाचा. धम्मपदाच्या अट्ठकथेत सांगितले आहे की लागोपाठ तीनदा हरल्यावर पसेनदीने अन्न सोडले आणि तो बिछान्यावर पडून राहिला. कालच्या पोराला आपण हरवू शकत नाही, मग जगून उपयोग काय, हा त्याचा विचार होता. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाची आणि निकालाच्या रात्री न जेवता झोपणाऱ्या आपल्या शेजाऱ्याची अवस्था सारखीच आहे.

भिक्खूंनी ही बातमी भगवान बुद्धांना सांगितली तेव्हा त्यांनी राजाला भित्रा म्हटले नाही, की पुढच्या लढाईसाठी आशीर्वादही दिला नाही. हरणाऱ्याला दुःखाची झोप येते हे त्यांनी सरळ मान्य केले, आणि जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते याकडेही लक्ष वेधले. संयुत्त निकायात पुढची लढाईही आहे. तीत पसेनदी जिंकतो, अजातशत्रूला पकडतो, त्याचे हत्ती, घोडे, रथ, पायदळ काढून घेतो आणि त्याला जिवंत सोडून देतो. म्हणजे बिछान्यावर पडलेला राजा पुन्हा उठला होता. पण बुद्धांचे त्या विजयावरचे बोलणेही सावध आहे, कारण आज लुटणारा उद्या लुटला जातो हे चक्र त्यांना दिसत होते.

याच निकायातला दोन बाणांचा दृष्टान्त आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकला असेल. अंगाला लागलेला बाण हे पहिले दुःख. त्यावर आपणच आक्रोश करून, चिडून, दोष देऊन स्वतःला मारून घेतलेला बाण हे दुसरे. निवडणुकीचा निकाल हा पहिला बाण आहे. तो लागणारच, आणि तो लागत नाही असा आव आणणे हा काही धम्म नव्हे. आम्हाला काळजी आहे ती दुसऱ्या बाणाची, कारण तो आपण एकमेकांना मारतो.

'मते कुणी खाल्ली?'

निकालाच्या संध्याकाळीच हा बाण सुटतो. 'तुमच्यामुळे आमची सीट पडली', 'मते खाल्ली', 'बी टीम', 'विकले गेले', 'पाकीट मिळाले असेल'. उलट दिशेने 'गुलाम', 'चमचे', 'दुसऱ्याच्या दारचे' हे शब्द येतात. यातले बहुतेक शब्द विरोधकांनी आपल्याला दिलेले नसतात. सख्खे मावसभाऊ, एकाच विहारात शेजारी बसून त्रिसरण घेणारे लोक हे शब्द वापरतात. निकालानंतर विहाराच्या समितीत दोन तट पडले, रविवारची वंदना दोन वेळांना होऊ लागली, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्यासाठी दरवर्षी ठरणारी एक गाडी सोडून दोन गाड्या निघाल्या, असे प्रकार आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहेत. निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येते. तुटलेली समिती पाच वर्षांत जुळतेच असे नाही.

'मते खाल्ली' हा शब्दप्रयोग जरा निरखून बघा. खाल्ली म्हणजे ती आधी कुणाच्या तरी ताटात होती. बौद्धांची मते अमुक पक्षाच्या ताटातली आहेत हे कुणी ठरवले? मत हे मतदाराचे असते. त्याने ते ज्याला दिले त्याचे ते झाले. ज्याला दिले नाही त्याचे ते कधीच नव्हते. हे वंचितला मत देणाऱ्याला लागू आहे, काँग्रेसला देणाऱ्याला लागू आहे, बसपाला देणाऱ्यालाही लागू आहे, आणि आपल्या मते चुकीच्या पक्षाला मत देणाऱ्यालाही. समाजाचे मत एकगठ्ठा असलेच पाहिजे आणि जो वेगळा गेला तो गद्दार, या म्हणण्यात आपण आपल्याच माणसाला मतदार म्हणून मोजायचे थांबवतो.

दुसरा आरोप 'मत वाया गेले' हा. इथे थोडे गणित लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांची लोकसंख्या ५.८१ टक्के आहे. सर्व अनुसूचित जाती मिळून सुमारे १२ टक्के. आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही पद्धत आहे. ज्या समाजाची वस्ती राज्यभर विखुरलेली आहे आणि कुठल्याही मतदारसंघात बहुमत नाही, तो समाज एकट्याच्या बळावर जवळजवळ कुठेच निवडून येऊ शकत नाही. विधानसभेच्या २९ आणि लोकसभेच्या ५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, पण तिथेही उमेदवार तेवढा राखीव असतो, मतदार सगळे असतात. निवडून कोण येणार हे बिगर-दलित मतदार ठरवतात. १९३२ च्या पुणे करारानंतर बाबासाहेब सातत्याने जे सांगत होते ते हेच. १९४६ च्या निवडणुकीनंतर त्यांनी दाखवून दिले की जिथे फक्त अस्पृश्य मतदार मत देत होते त्या प्राथमिक फेरीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार पुढे होते आणि संयुक्त मतदानात तेच मागे पडले.

हे समजून घेतले की निकालाकडे बघण्याची नजर बदलते. पराभवाचा मोठा भाग मतदारसंघाच्या रचनेतून येतो, शेजारच्या गल्लीतल्या कुणाच्या विश्वासघातातून नव्हे. उलट बाजूही खरी आहे. आघाडी झाली तेव्हा आपण जिंकलो आहोत. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढताना दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. १९९८ साली काँग्रेसबरोबरच्या समझोत्यात प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सु. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चार रिपब्लिकन खासदार एकाच वेळी निवडून आले, तेही चौघे सर्वसाधारण जागांवरून. पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली आणि चारचे दोन झाले. २००९ साली शिर्डीत आठवले आघाडीचे उमेदवार असून पडले, तेव्हा 'आपली मते त्यांना जातात, त्यांची आपल्याला येत नाहीत' ही भावना घराघरात बसली. वंचितच्या स्वबळाच्या मागे अशा अनुभवांचाही वाटा आहे. दोन्ही बाजूंकडे इतिहासातले दाखले आहेत, म्हणूनच एकमेकांना मूर्ख ठरवण्यात अर्थ नाही.

आणि हरलेले मत वाया जाते का? २०१९ च्या लोकसभेला वंचितला राज्यात सुमारे सात टक्के मते पडली. स्वतः बाळासाहेब अकोला आणि सोलापूर दोन्हीकडे हरले. युतीतल्या एमआयएमने औरंगाबादची एक जागा जिंकली. निवडणूक आयोगाच्या नियमानुसार एकही जागा न जिंकता राज्यात आठ टक्के वैध मते मिळाली तरी पक्षाला राज्य पक्ष म्हणून मान्यता आणि राखीव चिन्ह मिळते. आपण सुमारे एका टक्क्याने मागे राहिलो. राखीव चिन्ह नसल्यामुळेच कधी कपबशी, कधी गॅस सिलिंडर, कधी प्रेशर कुकर घेऊन आपल्या कार्यकर्त्यांना दर निवडणुकीत म्हाताऱ्या माणसांना नवे चित्र शिकवत फिरावे लागते. जिथे उमेदवार पडणार हे दिसत होते तिथले मतही या आठ टक्क्यांत मोजले जात होते. तसेच एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली तर उमेदवाराचे डिपॉझिट वाचते, आणि पुढच्या वेळी वाटाघाटीला बसताना हाच आकडा टेबलावर ठेवला जातो. दुसऱ्या पक्षाला दिलेल्या मताचेही असेच आहे. विरोधकाचे मताधिक्य किती होते, यावर निवडून आलेला आमदार आपल्या वस्तीत पाच वर्षांत किती वेळा येईल हे काही प्रमाणात ठरते.

१९५२ : बाबासाहेबांचा पराभव आणि त्यानंतर

पराभवानंतर सोशल मीडियावर 'बाबासाहेबांनाही हरवले होते' ही पोस्ट ठरलेली असते. ती बहुतेक वेळा दुसऱ्याला शिवी म्हणून टाकली जाते. त्या पराभवाचे तपशील मात्र थोड्यांनाच माहीत असतात.

देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून उभे होते. हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती, अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. ज्यांनी संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले, ते त्या संविधानाखालच्या पहिल्याच निवडणुकीत पडले. फेडरेशनला देशात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, सोलापुरात पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातल्या करीमनगरात एम. आर. कृष्णा.

बाबासाहेबांनी हे निमूट सहन केले नाही. निकालाबद्दल जाहीर शंका घेतली, निवडणूक आयोगाने चौकशी करावी असे म्हटले आणि अशोक मेहतांबरोबर निवडणूक याचिका दाखल केली. मुद्दा होता हजारो बाद मतांचा. दोन्ही मते एकाच पेटीत टाकून एक मत वाया घालवा, असा प्रचार झाल्याचा आरोप होता. निकाल बदलला नाही. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला ते पुन्हा उभे राहिले, आणि पुन्हा पडले.

त्यानंतरच्या तारखा बघा. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला ते गेले. २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. ४ मे १९५५ ला भारतीय बौद्ध महासभा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षाभूमी. हा सगळा काळ प्रकृती ढासळलेली असतानाचा आणि दोन निवडणुका हरल्यानंतरचा. पराभवामुळे ते धम्माकडे वळले असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा येवल्यात १९३५ सालीच झाली होती. पण संसदेची जागा गेली म्हणून चळवळीचे काम थांबले नाही, हे या तारखांतून दिसते. त्यांच्या त्या काळातल्या वेळापत्रकात निवडणूक ही अनेक कामांपैकी एक होती. आपल्या अनेक तरुण कार्यकर्त्यांच्या वेळापत्रकात ती एकमेव आहे आणि म्हणून ती हरली की सगळेच हरल्यासारखे वाटते.

संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीविषयी इशारा दिला होता, तोही इथे आठवावा. नेत्याचा पराभव म्हणजे माझ्या अस्तित्वाचा पराभव असे वाटू लागले तर आपण मतदार राहिलेलो नाही, भक्त झालो आहोत. हे वाचून काहींना राग येईल, पण आम्हाला ते सांगणे भाग आहे.

शंका असेल तर ती कुठे न्यायची?

पराभवानंतर ईव्हीएमबद्दलची शंका हीसुद्धा एक भावना आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत २०२४ च्या डिसेंबरमध्ये ग्रामस्थांनी स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले होते. विशेष म्हणजे त्यांचा उमेदवार मतदारसंघात जिंकलेला होता, फक्त गावातले आकडे त्यांना पटले नव्हते. प्रशासनाने ते मतदान होऊ दिले नाही. शंकेला बाहेर पडायला वाट नसली की ती अफवा होते. म्हणून वाटा माहीत असाव्यात.

मतदान संपल्यावर प्रत्येक बूथवर किती मते नोंदली गेली याचा नमुना १७-सी पोलिंग एजंटला मिळतो. तो मागून घ्यायला आणि जपून ठेवायला एजंट शिकलेला हवा. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत, खर्च भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते असे सांगितले. निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते आणि ती उमेदवाराबरोबरच त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. सातव्या दिवसानंतर केलेल्या शंभर पोस्टना ही किंमत नाही.

याहून तातडीची गोष्ट म्हणजे निकालानंतरचा त्रास. मतमोजणीचे आकडे बूथनिहाय जाहीर होतात. गावात आपली वस्ती एका बूथवर असली की वस्तीने कुणाला मत दिले हे सगळ्या गावाला कळते. व्यक्तीचे मत गुप्त राहते, वस्तीचे राहत नाही. अनेक बूथची मते एकत्र मिसळून मोजावीत अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ साली केली होती, ती अमलात आली नाही. मग 'तुमच्या बूथवर आम्हाला मते नाहीत, आता पाण्याचा टँकरही तिकडूनच मागवा' असे ऐकवले जाते. शेतावरची मजुरी बंद होते.

हा गुन्हा आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला अमुक उमेदवाराला मत दे किंवा देऊ नको म्हणून धमकावणे, मतदानानंतर मारहाण करणे, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे किंवा तशी धमकी देणे आणि सार्वजनिक सेवेचा लाभ अडवणे हे कलम ३ खाली येते. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण आहे. जातीचा दाखला हाताशी ठेवा, धमकीची वेळ, ठिकाण आणि ऐकणारे कोण होते हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षक, समाजकल्याणचे सहायक आयुक्त आणि १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. निकालानंतर पहिली बैठक या विषयावर घ्या, चिंतनाची नंतर घेता येईल. वंचितवाला आणि काँग्रेसवाला एकत्र बसतील असा हा एकमेव विषय आहे.

आठवडा उलटून गेला, दोन-तीन आठवडे झाले आणि तरीही कुणी मित्र जेवत नसेल, झोपत नसेल, जगून काय करायचे असे बोलत असेल तर ते निवडणुकीचे दुःख राहिलेले नाही. त्याला एकटे सोडू नका. १४४१६ ही टेलिमानसची मोफत सरकारी सेवा मराठीतही बोलते.

आणि यादी. निकालानंतर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार 'आमच्या गल्लीतली नावेच नव्हती' ही असते. ती निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात केली तर काही होत नाही. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना १८ पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते आणि १७ वर्षे पूर्ण झालेले आगाऊ अर्ज करू शकतात. नवे नाव नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना ८. नमुना ७ नाव वगळण्यासाठी असतो, आणि तो आपल्या वस्तीविरुद्ध कुणी भरला आहे का हे बूथ लेव्हल अधिकाऱ्याकडे जाऊन बघावे लागते. विहाराच्या ओट्यावर एक टेबल, दोन मुले आणि छापील यादी एवढे पुरते.